आधी स्वार्थ सांगणाऱ्या काकी

काकी कुणाच्या मदतीला गेल्या की उंबऱ्यावरच आपला स्वार्थ सांगून टाकत आणि मगच चपला काढत.

रोह्याला आमच्या आळीत एक म्हातारे गृहस्थ वारले होते. त्या घरी चूल पेटायची नव्हती, म्हणून काकींनी पातेलंभर भात केला, पिठलं केलं, एक भांडं माझ्या हातात दिलं आणि आम्ही दोघी निघालो. घरातली सून दाराशी आली. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "काकी, तुमचे उपकार कसे..."

काकींनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "उपकार नाय नि काय नाय. आमचे हे गेले तेव्हा या आळीतून घासभर अन्न कुणी आणलं नाय. ते मला अजून डाचतं. ते जरा कमी डाचावं म्हणून मी आणते. तुझ्या सासऱ्याशी माझं काय बरं नव्हतं, तुला ठाऊक हाय."

आतून कुणीतरी "काय बाई तरी!" म्हणालं. मला कुठे तोंड लपवावं कळेना. काकी मात्र सरळ स्वयंपाकघरात गेल्या, पानं मांडली, पोरांना आधी वाढलं. एक लहानगी नात रडून रडून जेवत नव्हती. तिच्या शेजारी बसून, तिच्याशी मांजराच्या गोष्टी बोलत, त्यांनी तिला सगळा भात भरवला. त्या घरातलं सुतक संपेपर्यंत त्यांचं पातेलं रोज जात राहिलं, आणि रोज दारात काहीतरी ऐकवणंही चालू राहिलं.

या बाईंना चांगलं म्हणावं की कडू म्हणावं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. त्या जाऊन आता वर्ष होत आलं, तरी मी ठामपणे काही सांगू शकेन असं वाटत नाही. पण माझं शिक्षण पुरं झालं ते त्यांच्यामुळे, एवढं नक्की. म्हणून हे लिहिते आहे.

मी वडखळच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातली. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावरचं काम. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई उन्हात मीठ ओढायची, त्या मजुरीवर घर चालायचं. माझ्याआधी आमच्या घरात कुणी दहावीचा उंबरा ओलांडला नव्हता. बारावीनंतर पेणला प्रवेश मिळाला नाही, रोह्याला मिळाला. तेव्हा खोली शोधत मी आणि आई काकींच्या दारात पोचलो.

काकी सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. घराला लागून एक खोली होती, ती त्यांना शिकणाऱ्या मुलीला द्यायची होती. भाडं त्यांनी इतकं कमी सांगितलं की आई घाबरली.

"बाई, येवढ्यात कसं परवडल तुमाला?"

"परवडतं का नाय ते माझं मी बघीन. आधी माझा मतलब ऐका. मी एकटी हाय. भिंतीपलीकडं कुणी भांडं पाडलं, कुणी खोकलं, की मला बरं वाटतं. मुलगी मुकी असली तर नको."

"मुकी नाय ओ, लई बोलते ती," आई म्हणाली.

"मग भाडं अजून कमी करते," काकी म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

त्या दिवशी निघताना काकींनी आईच्या हातात डबा दिला, वालाचं बिरडं होतं. पुढच्या महिन्यात आई मला भेटायला आली ती तो डबा भरून घेऊनच. आमच्या गावात भरून आलेलं भांडं कुणी रिकामं परत पाठवत नाही. कुणी तांदूळ घालतं, कुणी वाल, कुणी सुकी मासळी. आमच्या घरी काहीच नसलं तरी मीठ असायचं, म्हणून आमच्याकडून प्रत्येकाचं भांडं मिठाने भरून जायचं. गावात त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आईला वाटलं, सगळीकडे असंच असेल. तिने काकींच्या डब्यात काठोकाठ खडेमीठ भरून आणलं.

शेजारच्या बाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी तोंडाला हात लावला. "अगं, मीठ असं देतात का कुणी? सिस्टर, घेऊ नका हं, घरात भांडणं होतात."

आईचा चेहरा उतरला. तिने डबा पदराखाली ओढून घेतला. काकींनी तो तिच्या हातातून जवळजवळ हिसकावला.

"माझ्या घरात भांडायला हाय कोण? आणि मीठ मला रोज लागतं. तुमच्या हळदीकुंकवाच्या वाट्या माझ्या माळ्यावर पडून हायत, त्या लागत नाय." मग खडे बोटांत चोळून आईला म्हणाल्या, "पुढल्या खेपेस याहून जाडं आण गो. हे लोणच्याला चालायचं नाय."

आईला त्या घरात मोकळी बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तिच्याकडून काहीतरी हवं असणारं माणूस तिला शहरात भेटलं होतं.

मी कॉलेजच्या श्रमदान शिबिरात गेले होते. नदीकाठ साफ केला, गावात व्याख्यान ऐकलं, निःस्वार्थ सेवा म्हणजे काय ते वहीत उतरवलं. परत आल्यावर मोठ्या उत्साहाने काकींना सांगायला बसले. काकी तांदूळ निवडत होत्या.

"तुला यातून काय मिळालं?"

"काही नाही. सेवा केली."

"गुण मिळतात ना त्याचे? तूच बोलली होतीस."

"मिळतात. पण मी त्यासाठी नाही गेले."

"मैत्रिणी होत्या?"

"होत्या."

"रात्रीचं हसणंखिदळणं?"

"ते... थोडंसं."

"मग काही नाय कसं मिळालं? एवढं सगळं मिळालं नि नदी बी साफ झाली. नदीला काय पडलंय तू कशासाठी आलीस ते? तू आपली उगाच देवीसारखी बसू नको माझ्यासमोर."

मला राग आला होता. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी मला चिडवायला भिंतीवर दोनदा थापट मारली. "कोण जिवंत हाय का पलीकडं?"

रोह्यात एक पुढारी होते. जूनमध्ये ते वह्या वाटत, आणि प्रत्येक वहीबरोबर मुलाचा खांदा धरून फोटो काढून घेत. लोक त्यांची टिंगल करत. काकींना मात्र ते आवडत. "तो फोटो काढतो, विषय संपला. त्याला काय पायजे ते सगळ्यांना दिसतं. गुपचूप देणाऱ्याची मला जास्त भीती. त्याला काय पायजे ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं, आणि मग तो जन्मभर तुमच्याकडं बघत राहतो." हे त्या कुणाविषयी बोलत होत्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आली होती. एक दिवस गावाहून फोन आला की आई मिठागरात काम करता करता कोसळली. लकवा. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. जीव वाचला, पण तिला उठवायला, बसवायला, भरवायला चोवीस तास माणूस हवं होतं, आणि ते माणूस मीच होते. मी काकींना सांगितलं की खोली सोडते, परीक्षेचं पुढे बघू. आमच्याकडे 'पुढे बघू' म्हणजे काय ते मला माहीत होतं. माझ्या वर्गातल्या दोन मुली अशाच पुढे बघायला गेल्या होत्या आणि परत आल्या नव्हत्या.

काकी म्हणाल्या, "तिला इकडं घेऊन ये."

टेम्पोत गादी टाकून आम्ही आईला नागोठण्याच्या रस्त्याने रोह्याला आणलं. काकींनी आपला पलंग खिडकीशी ओढून तिला दिला. पण आई जेवेना. मी घास पुढे केला की ओठ घट्ट मिटून घ्यायची. मी रडले, रागावले, शपथा घातल्या. पाण्याचे चार घोट घ्यायची, तेवढंच. मला वाटलं, तिला जगायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मोठ्या कष्टाने, तुटक तुटक शब्दांत मला विचारलं, "भांड्यात... काय भरू?"

मला अर्थ लागायला वेळ लागला. काकींना तो लगेच लागला. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"ऐक गो. मी काय तुला फुकट ठेवलेली नाय. दवाखान्यात मी एकट्या म्हाताऱ्या बघितल्यात. कूस बदलायला कुणी नसतं, पडून पडून पाठीला जखमा होतात, त्यात किडे पडतात. मला तसं मरायचं नाय. मी त्याला रोज भिते. आज मी तुझं करते. उद्या मी पडले की तुझ्या मुलीनं माझं करायचं. बोल, कबूल हाय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"मान नको. तोंडानं बोल."

"करीन, काकी."

"ऐकलंस? आता उघड तोंड."

आणि आईने तोंड उघडलं.

पुढचे काही महिने काकींनी तिचं सगळं केलं. अंग पुसलं, कूस बदलली, मेलेल्या हाताची बोटं एकेक करून मिटली-उघडली. आई कंटाळली की काकी ओरडायच्या, "माझ्यासाठी उभी राहा! तू अशीच पडून राहिलीस तर तुझी मुलगी तुझंच करत बसंल, माझी पाळी कधी यायची?" आईला हसू यायचं. तोंड वाकडं असल्यामुळे ते हसू एकाच बाजूने दिसायचं. मी पलीकडच्या खोलीत अभ्यास करायची. परीक्षा दिली, पास झाले. आई काठी धरून चालायला लागली. उजवा हात मात्र परत आला नाही.

आमच्या गावाने माझा सत्कार केला. तिथे मी काकींची गोष्ट सांगितली. मी म्हणाले की माझ्या आईचा स्वाभिमान राखायला काकींनी स्वार्थाचं नाटक केलं, आतून त्यांना काहीच नको होतं, निरपेक्ष माया म्हणजे हीच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी डोळे पुसले. रोह्याला जाऊन मी काकींना हे सगळं सांगितलं.

"नाटक नव्हतं ते," काकी म्हणाल्या.

मी हसले. मला वाटलं, हाही त्यांचा मोठेपणाच.

नंतर मला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. लग्न झालं. नवरा पेणचा, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. आई आमच्याकडेच आली. मी काकींना फोन करायची, सणाला जाऊन यायची, आणि कुणी विषय काढला की ती गोष्ट सांगायची. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली होती.

आणि एका सकाळी काकींचा फोन आला. "मी पडले. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन झालं. परवा सोडतील. गाडी घेऊन ये."

जमेल का, घरी विचारून सांग, असं काही नाही. मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्या गोष्टीतल्या काकींना काहीच नको होतं. या काकींना हवं होतं, आणि त्या ते मागत होत्या. ठरलेलं होतं ते खरंच ठरलेलं होतं. मला वाईट वाटलं, ते आमचं घर दोन खोल्यांचं होतं म्हणून नाही, किंवा माझ्या शिफ्ट होत्या म्हणूनही नाही. माझ्या मनात एक मूर्ती होती, तिला तडा गेल्यासारखं वाटलं. मी नवऱ्याला तसं म्हणाले.

तो ब्रश धूत होता. "पण त्यांनी सांगितलं होतं ना तसं?"

"हो, पण..."

"आणि तू कबूल झाली होतीस?"

"हो."

"मग त्यांनी तुला फसवलं कुठे? आत त्यांची गादी टाकू, आपण बाहेर झोपू."

काकी आल्या. आजारी माणूस म्हणून त्या काही सोप्या नव्हत्या. चहा कोमट झाला की परत पाठवायच्या. नवऱ्याने घरी आणलेल्या लहान मूर्ती बघून म्हणायच्या, "याचे डोळे झोपाळू झालेत, परत कर." त्यांचा पाय काही पूर्ववत झाला नाही. चाकाच्या खुर्चीवरच त्या राहिल्या. कंपनीतून थकून आले की मी त्यांची पाठ बघायची. त्या स्वतःच ओरडायच्या, "पाठ बघितलीस? नीट बघ, उजेडात." मी ते करत होते, आणि मनात कुठेतरी शब्द पाळल्याचा एक कोरडा आनंद होता. माया म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बदल घडला तो आई आणि काकींमध्ये. आईला चालता येत होतं पण हात एकच. काकींना दोन्ही हात होते पण उठता येत नव्हतं. मी शिफ्टला गेले की दोघींनी घर चालवायला सुरुवात केली. आई वस्तू आणून द्यायची, काकी बसल्या जागी चिरायच्या, मळायच्या, झाकणं उघडून द्यायच्या. दोघी दिवसभर भांडायच्या. "या दोघींची मिळून एक बाई होते," नवरा म्हणायचा, "पण तोंडं दोनच राहतात."

असं वर्ष गेल्यावर ठाण्याहून काकींचा पुतण्या आला. चांगला माणूस होता, त्याला इतके दिवस न आल्याची लाज वाटत होती. म्हणाला, त्याच्या घराजवळ वृद्धांसाठी चांगली जागा आहे, नर्स आहेत, डॉक्टर येतात, सगळं तो बघेल. "तुम्ही पुष्कळ केलंत. किती दिवस तुमच्यावर टाकायचं?"

मी काकींकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या नेहमीसारख्या बोलतील, मला काय पायजे ते मी सांगते, म्हणतील. त्या मांडीवरच्या चादरीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"जाते मी," त्या हळू म्हणाल्या. "पोरीला किती तरास द्यायचा? तिचा बी संसार हाय. तिच्या भल्याचं बघितलं पायजे."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते खोटं होतं. त्यांना जायचं नव्हतं. ते त्या चादरीवरून कळत होतं. राहा म्हणायला मी तोंड उघडलं, पण शब्द येईनात. हे मी शब्दाला जागून म्हणते आहे, की उपकार फेडायला, की लोक काय म्हणतील म्हणून, हे माझं मलाच कळत नव्हतं, आणि काकींनी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. पुतण्या पिशवी भरायला उठला.

आई काठी टेकत आत गेली. परत आली ती डाव्या हाताने कमरेवर घमेलं धरून. काठी तिने आतच ठेवली होती. घमेल्यात करंदी होती, खाडीची बारीक कोलंबी, ओली. सकाळी कोळीण दारावर आली होती. आईने घमेलं काकींच्या मांडीवर आदळलं.

"ही कोन सोलनार?"

पुतण्याला तिचं जड बोलणं कळलं नाही. "काय म्हणतात मावशी?"

"करंदी. येवढी घेतली मी. मना येका हातानं सोलता येत नाय." दम घ्यायला ती थांबली. "ही जाल कंपनीत. जावई जाल रंगवायला. तू हिला नेतोस. मंग सोलनार कोन?"

माझ्या आईने आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यायलीही ती कधी मागून प्यायली नाही. ती तिथे उभी होती, एक खांदा खाली, पदर घसरलेला, आणि मागत होती.

काकींनी घमेल्यात बोटं घातली. एक करंदी उचलून नाकाशी नेली.

"ताजी हाय का?"

"सकालची."

"एवढी कशाला घेतलीस? अक्कल नाय तुला. पाणी आण. आणि वाडगा." मग पुतण्याकडे न बघताच म्हणाल्या, "तू जेवून जा. पण आधी हात धुऊन इथं बस नि सोलायला लाग. फुकट नाय जेवायला मिळत."

इस्त्रीचा शर्ट कोपरापर्यंत दुमडून तो बिचारा खाली बसला. दुपारी आम्ही सगळे करंदीचं कालवण आणि भात जेवलो, आणि संध्याकाळी तो एकटाच ठाण्याला गेला. पिशवी परत रिकामी करायचं काम माझ्याकडे आलं.

त्यानंतरही काकी आमच्याकडे बऱ्याच काळ राहिल्या आणि आमच्याकडेच गेल्या. शेवटची आंघोळ आईने एका हाताने आणि मी दोन हातांनी घातली. पाठीवर एकही जखम नव्हती.

सगळं आटोपल्यावर एके दिवशी मी आणि आई ओट्यावर बसलो होतो. करंदीच्या त्या दिवसाचा विषय निघाला. मी म्हणाले, "आई, पुतण्या न्यायला येणार हे तुला माहीत होतं. काकींना अडवायचं म्हणूनच तू सकाळी एवढी करंदी घेतलीस ना?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी शाळेतलं विचारलं होतं.

"नाय गो," ती म्हणाली. "मना खायाची व्हती."

आणि खरंच, त्या दुपारी तिने दोनदा भात मागून घेतला होता.